साच्यांची खोली

दादाने दारावर वेळापत्रक चिकटवलं होतं. सात ते साडेआठ, कपाटं. साडेआठ ते दहा, साच्यांची खोली. दहा ते पावणेअकरा, पॅसेज मोकळा करणे. अकरा, ट्रक. त्याच्याखाली वेगळ्या शाईने लिहिलं होतं, 'चहा मधे मधे.' ते वहिनीचं अक्षर.

बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. घरामागच्या दोन खोल्या, जिथे त्यांनी चव्वेचाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या, भाड्याच्या होत्या आणि मालकाला त्या महिनाअखेर हव्या होत्या. सामान नेणाऱ्या कंपनीने फोनवर सांगितलेलं सगळं दादाने उतरवून घेतलं होतं. जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर लाल चिकटी. धारदार हत्यारं पत्र्याच्या डब्यात. द्रावणाच्या बाटल्या आणि गॅसची शेगडी ते नेत नाहीत, त्या बाजूला. पोतं एका माणसाला उचलेल एवढंच. मशिनांच्या वायरी काढून, गुंडाळून, बांधून.

दादा बस कंपनीत वेळापत्रकं लावतो. बाबा गेले त्या दिवशीही हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर त्याने कोण किती वाजता पोचेल याची यादी केली होती. मला तेव्हा राग आला होता. नंतर कळलं, यादी नसती तर तो पायरीवरून उठलाच नसता.

"तुला काय हवंय ते आधी काढून घे," तो मला सकाळी म्हणाला. "मग माझ्या मागे रडारड नको."

"मी कधी रडले?"

"तेच म्हणतोय. आता नको सुरू करूस."

मला त्या खोल्यांतलं एकच हवं होतं. आईचा साचा.

ज्याची कवळी किंवा एखादा दात करायचा त्याच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा बाबा ओतत, आणि काम झाल्यावर तो टाकत नसत. "माणूस परत आला तर मी काय बघायचं?" असं म्हणत. तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर जबडे. साच्यांवर ते नावं घालत नसत, कारण कवळी आहे हे माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही. प्लास्टर ओलं असताना तळाशी खिळ्याने तारीख खरवडायची आणि स्वतः ठेवलेलं टोपणनाव. 'शिट्टी'. 'दोनदा विचारणारा'. 'लग्नापुरती'. 'खडूस, पण खरं बोलतो'. एकदा दिलेलं नाव दुसऱ्याला कधी देत नसत. कोण कोण आहे ते फक्त त्यांच्या डोक्यात असायचं, आणि ते डोकं आम्ही तेवीस दिवसांपूर्वी घालवून बसलो होतो.

आईचं नाव होतं 'खिडकी'. तिच्या वरच्या दोन दातांमध्ये फट होती, त्यातून ती दोरा ओवून दाखवायची. तो साचा ओतला तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि ओल्या तळावर मी अंगठा दाबला. बाबा रागावले नाहीत. अंगठ्याच्या ठशाशेजारी त्यांनी तारीख खरवडली. पुढच्या वर्षी आई घर सोडून गेली. तिचे फोटो एकेक करून भिंतींवरून उतरले आणि कुठे गेले ते कोणी विचारलं नाही. आणखी दोन वर्षांनी आत्याने मला आणि दादाला मागच्या पायरीवर बसवलं आणि आई तिकडे वारली असं सांगितलं. मी अकराची, दादा पंधराचा. तो साचा सोडला तर आई दिसत कशी होती याचा पुरावा माझ्याजवळ काही नाही.

साडेआठपर्यंत मी दोन भिंती पाहून संपवल्या. 'खिडकी' नव्हती.

मग आतून आवाज यायला लागला. धप, आणि मग चुरचुर.

दादा पोत्यात साचे टाकत होता आणि वरून लाकडी हातोडा मारत होता. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"काय करतोयस तू?"

"अख्खे भरले तर पोतंभर नुसती हवा जाते. फोडले की निम्म्यात बसतात."

"मी अजून बघतेय, दादा."

"ही भिंत नवीन आहे. गेल्या काही वर्षांतली. तुझं जुनं. ते इथे कशाला असेल?"

"मला तरी बघू दे."

"चिमे, नऊ वाजलेत. दोन हजार जबडे आहेत. तू एकेकाची ओळख करून घेत बसलीस तर ट्रकवाले आपल्यालाच घेऊन जातील."

मी त्याच्या हातून हातोडा घेतला नाही. आमच्या घरात कोणी कोणाच्या हातून काही घेत नाही. मी त्याच्याशेजारी बसले आणि तो फोडायच्या आधी प्रत्येक साचा उलटा करून बघायला लागले. तो पुढचा उचली, माझ्यासमोर धरी, मी मान हलवी, तो पोत्यात टाकी. असं आम्ही बराच वेळ केलं.

तो फोडताना काय विचार करत होता ते त्याने मला पुष्कळ महिन्यांनी सांगितलं. त्याला बरं वाटत होतं. लहानपणी दुपारभर बाबा या अनोळखी तोंडांकडे ज्या लक्षाने बघत, त्या लक्षाने त्यांनी आपल्याकडे एकदा तरी बघावं असं त्याला वाटायचं. "मी एकदा मुद्दाम दात पाडून घेतला होता," तो म्हणाला. "सायकलवरून. त्यांनी साचा घेतला, दात बसवला. माझं नाव काय ठेवलं असेल ते मी कधी उलटं करून बघितलं नाही. त्या दिवशी हातोड्याखाली तोच येतोय का असं दर वेळी वाटत होतं." आला का, असं मी विचारलं नाही.

वहिनी तेव्हा पुढच्या खोलीत पॉलिशच्या मोटरची वायर गुंडाळत होती. ती औषधाच्या दुकानात काम करते. दिवसभर हातात येणाऱ्या प्रत्येक पट्टीवर तिची नजर आधी तारखेवर जाते, नावावर नंतर. मोटरचं टेबल भिंतीपासून ओढलं तर त्याच्यामागे गुडघ्याएवढं एक कपाट निघालं. त्याला कुलूप नव्हतं. टेबलाआड ते असं झाकलं होतं की कुलपाची गरजच पडली नसेल.

तिने लाल चिकटी लावण्यासाठी हात पुढे केला, आणि सवयीने आधी दार उघडून बघितलं.

"चिमे," तिने हाक मारली. "जरा ये. एकटीच ये."

मी गेले. कपाटात एका ओळीत सहा साचे होते आणि शेवटी एक झाकणाचा डबा. वहिनीने पहिला साचा उलटा करून माझ्यासमोर धरला. 'खिडकी'. तारीख. आणि एका लहान मुलीचा अंगठा.

मी माझा अंगठा त्यावर ठेवला. तो आता मावत नव्हता.

"सापडला," मी म्हणाले. "वहिनी, सापडला."

ती हसली नाही. "बस आधी," ती म्हणाली. "आई गेल्या तेव्हा तू किती वर्षांची होतीस?"

"अकरा."

तिने दुसरा साचा उलटा केला. 'खिडकी'. त्या तारखेला मी चौदाची होते.

तिसरा. मी कॉलेजात. चौथा, दादाच्या लग्नाचं वर्ष. पाचवा. सहावा या वर्षीचा, पाच महिन्यांपूर्वीचा.

मी ते टेबलावर ओळीने लावले. का लावले ते सांगता येणार नाही. वाचनालयात माझं कामच पुस्तकं क्रमाने लावायचं आहे, हातांनी ते केलं असेल. पहिल्या साच्यात सगळे दात होते, मधली फट, खालचा एक दात जरासा वळलेला. दुसऱ्यातही फट, तोच वळलेला दात, पण डावीकडची दाढ नाही. तिसऱ्यात दोन्ही बाजूंना रिकामं. चौथ्यात फटीच्या एका बाजूचा दात नाही, त्यामुळे फटही नाही. पाचव्यात खालचा तो वळलेला दात एकटा उभा. सहाव्यात नुसत्या हिरड्या, गुळगुळीत, तान्ह्या मुलासारख्या.

माझी आई माझ्या डोळ्यांसमोर सहा साच्यांत म्हातारी झाली.

"पाणी आणू का?" वहिनी म्हणाली.

"नको."

"त्यांना बोलवू?"

मी हो म्हणाले असणार, कारण दादा दारात येऊन उभा राहिला. हातोडा हातातच. त्याने ओळ बघितली, तारखा बघितल्या, परत पहिल्यापासून बघितल्या.

"खिडकी दुसरं कोणी असेल," तो म्हणाला.

"एक नाव ते दोघांना देत नव्हते."

"म्हातारपणी विसरले असतील."

"दुसरा साचा घेतला तेव्हा ते चाळीसचे होते, दादा."

"मग चूक असेल. तारखेत."

"पाच वेळा?"

तो बायकोकडे वळला. "तू हे आत्ता कशाला काढलंस? चिकटी लावायची आणि पुढे जायचं एवढंच होतं ना काम?"

"मी चिकटीच लावत होते," वहिनी म्हणाली. "उगाच माझ्यावर घसरू नका. आणि तो वळलेला दात मोजा, हवं तर. आकडे तर तुम्हाला कळतात."

त्याने खरंच वाकून बघितलं. मग स्टुलावर बसला. स्टुलाला लाल चिकटी होती.

त्याच वेळी आत्या चहा घेऊन आली.

आत्या आमच्याकडे राहायला आली ती आई घर सोडून गेल्यावर. त्याआधी ती टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर होती. लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि स्वतः काही ऐकलं नाही असं वागायचं, यात तिचं आयुष्य गेलं. तिने ट्रे ठेवायला जागा शोधली, टेबलावर ओळ दिसली, आणि तिने ट्रे चुऱ्याने भरलेल्या पोत्यावर ठेवला. पोतं कलंडलं. कप सरकत कडेपर्यंत आले आणि थांबले. तिने ते बघितलंही नाही.

"त्याने ठेवले होते होय," ती म्हणाली. "मला वाटलं, टाकून देत असेल."

मलाच विचारावं लागलं.

"आत्या, आई जिवंत आहे?"

"हो."

इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला वाटलं मी प्रश्न चुकीचा विचारला. दुकान उघडं आहे का, असं काहीतरी.

"तू आम्हाला पायरीवर बसवून सांगितलंस," दादा म्हणाला.

"बसवलं."

"मी पंधरा वर्षांचा होतो."

"तू रोज संध्याकाळी फाटकाशी उभा राहायचास. दोन वर्षं. जेवायला हाक मारली तरी येत नव्हतास. परीक्षेत नापास झालास. ही रात्री झोपेत बोलायची. मी तुझ्या बापाला म्हटलं, वाट बघणं थांबवायला हवं. तो गप्प बसला. मग मी सांगितलं तुम्हाला."

"आणि बाबा?"

"त्याने मला खोटं पाडलं नाही. एवढंच त्याने केलं." तिने साडीच्या पदराला हात पुसले, हात कोरडेच होते. "त्याला वाटलं, तुम्ही मोठी झालात की सांगू. मग तुम्ही मोठी झालात. मग कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"तिला ठाऊक आहे?" मी विचारलं. "आम्हाला काय सांगितलंय ते?"

"तिला त्यानेच सांगितलं. पुढच्या वेळी गेला तेव्हा."

"काय म्हणाली?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. टेलिफोनवरची बाई नंबर लावण्याआधी थांबे तशी थांबली. "म्हणाली, मग आता मी आले तर मुलं घाबरतील."

वहिनी मधेच उठून कप सरळ करायला लागली. तिच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि इतकी वर्षं ती या घरात न भेटलेल्या सासूच्या श्राद्धाला डोळे मिटून उभी राहिली होती. तिने आत्याच्या हातात कप दिला तो जरा जोरात दिला. "मलाही सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "मी तर फाटकाशी उभी राहत नव्हते."

आत्याने चहा घेतला नाही. एरवी ती आणि वहिनी एका बाजूला आणि मी आणि दादा दुसऱ्या बाजूला, अशी आमच्या घराची वाटणी. त्या सकाळी आत्या एकटीच राहिली, आणि ते तिला कळलं. ती पाठ ताठ करून उभी होती. आपण केलं ते चूक होतं असं तिला अजूनही वाटत नव्हतं, आणि तिचं तेच मला सर्वांत अवघड गेलं.

डबा वहिनीने उघडला. पाण्यात एक कवळी होती, वरची. टाळूच्या मधोमध तडा गेलेला, आणि तड्यावर ताजा गुलाबी सांधा. झाकणाच्या आत बाबांचं अक्षर. 'खिडकी. पडून तडकली. सांधली. घासायची आहे. स्वतः नेऊन देणे.' आणि तारीख. नेऊन द्यायची, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच्या चौथ्या दिवसाची.

मी कवळी बाहेर काढली. वरच्या दोन दातांमध्ये बाबांनी फट ठेवली होती. कवळीत फट कोणी ठेवत नाही. लोक फट बुजवायला कवळी करून घेतात.

मी बोट सांध्यावरून फिरवलं. खरखरीत होता, एका ठिकाणी टोकदार.

"बाबा गेले हे तिला कळवलंस?" मी आत्याला विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

"तेवीस दिवस?"

"मला धीर झाला नाही. तो सांगून आला होता, आठवड्याभरात आणून देतो. ती वाट बघत असेल हे मला..." ती थांबली. वाट बघणं थांबवण्यासाठी तिने जे केलं होतं, त्याचा शेवट असा तिच्यासमोर टेबलावर होता.

"तिच्याजवळ दुसरी आहे?"

"नाही. एकच. त्याने केलेलीच लागते तिला."

पावणेअकराला ट्रक आला. ठरल्यापेक्षा पंधरा मिनिटं लवकर, आणि दादा एरवी यावर नक्की काही बोलला असता. दोघं होते. एक गाडीतच बसला, आणि हातमोजे घातलेली पन्नाशीची एक बाई आत आली. तिने पॅसेज बघितला, दारं उघडी अडकवून ठेवलेली बघितली.

"छान काढून ठेवलंय," ती म्हणाली. "लोक आम्ही आल्यावर खण रिकामे करायला घेतात." मग तिची नजर ओळीवर गेली. "अगंबाई. हे जायचेत?"

"नाही," मी आणि वहिनी एकदमच म्हणालो.

"आणि हे टेबल? मोटरीसकट? चिकटी आहे वर."

मी मोटरसमोरच्या खुर्चीवर बसले होते. बाबांनी मला तेराव्या वर्षी कवळी घासायला शिकवलं होतं. आधी जाड चाक, मग बारीक, मग ओल्या पुडीचं कापड, आणि दर वेळी अंगठ्याने तपासायचं. मशीनला कळत नाही, हिरडीला कळतं, असं ते म्हणत. वायर वहिनीने गुंडाळून सुतळीने पक्की बांधली होती. दादाच्या सूचनेप्रमाणे, दुहेरी गाठ.

"चिमे, काय करतेयस?" दादा म्हणाला.

"हे असं तोंडात घातलं तर कापेल."

"तिच्यासाठी?"

"तेवीस दिवस झाले. काय खात असेल ती?"

त्याचा चेहरा प्लास्टरने पांढरा होता, त्यामुळे त्यावर काय चाललंय ते दिसत नव्हतं. तो बराच वेळ झाकणातलं अक्षर वाचत राहिला. मग आत्याकडे न बघता त्याने विचारलं, "कुठे असते?"

आत्याने गावाचं नाव सांगितलं.

दादाने हातोडा खाली ठेवला. "सकाळी सातची," तो म्हणाला. "जाणारी. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळची परत."

"काय?"

"तिकडची बस. आधी नव्हती. बाबांनी माझ्याकडे मागितली, अकरा वर्षांपूर्वी. प्लास्टर आणायला बरी पडेल म्हणाले. सगळ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे तेवढंच मागितलं. मी तीन महिने साहेबांच्या मागे लागून ती लावून घेतली." तो बोलता बोलता थांबला. "मी प्रत्येक पत्रकात ती गाडी सांभाळली. तोट्यात जाते म्हणून दर वर्षी काढायला निघतात. मीच काढू देत नाही."

"मग उद्या सातला," मी म्हणाले.

"दुपारची दीडचीही आहे. नवीन. तीही मीच लावलीय."

तो टेबलाजवळ आला, वाकला, आणि सुतळीची गाठ सोडायला लागला. त्याची नखं प्लास्टरने भरलेली होती, गाठ सुटेना. वहिनी कात्री शोधायला उठली, पण कात्र्या सगळ्या पत्र्याच्या डब्यात बांधलेल्या. शेवटी त्याने दातांनी तोडली. वायर उलगडली आणि भिंतीपर्यंत नेली.

"जरा थांबावं लागेल," तो सामान नेणाऱ्या बाईला म्हणाला. "बाकीचं सगळं आधी घ्या. हे टेबल शेवटी."

"आमचं पुढचं काम साडेबाराला आहे."

"वेळ आहे," दादा म्हणाला.

मोटर सुरू झाली. आत्या दारात उभी होती, तिच्या अंगाला अंग घासून पोती बाहेर जात होती. मी जाड चाकावर सांधा टेकवला, उचलला, अंगठा फिरवला.

"झालं?" त्याने विचारलं.

"अजून लागतंय."

त्याने हात पुढे केला, पांढरा अंगठा पँटला पुसला, आणि आईच्या टाळूवरून एकदा सावकाश फिरवला.

"इथे," तो म्हणाला. "डावीकडे."